उसाचा उतारा आणि लघवीतले प्रथिन



स्मृतिव्याख्यानाला साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांतला माणूस बोलावण्याची आपल्याकडे रीत आहे. तुम्ही प्रयोगशाळेतला माणूस बोलावलात, आणि विषयही त्यालाच निवडू दिलात. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते स्वतः डॉक्टर होते. त्यामुळे लघवी या विषयावर मी तासभर बोललो तर ते रागावले नसते, असे धरून चालतो. समोर बसलेल्यांपैकी कुणी रागावलेच तर चहा व्याख्यानानंतर आहे, तोवर सोसावे लागेल.

मूत्रपिंडाला इजा झाली की लघवीत काही प्रथिने उतरू लागतात. ती मोजण्याच्या अनेक पद्धती बाजारात आहेत. त्यांतली कोणती कुठे वापरावी, एवढाच माझा विषय. तो अंबाजोगाईत का मांडायचा, ते आधी सांगतो.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स काढतात, पोलारीमीटरमध्ये पोल बघतात, आणि त्यावरून उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचा टक्का, ठरतो. केंद्र सरकारची एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान भाव, सध्या १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेली आहे. त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला भाव वाढतो. एका दशांशावर एवढे पैसे अवलंबून असल्यामुळे उतारा कसा काढला, काटा बरोबर आहे का, यावरून शेतकरी संघटना कारखान्याशी भांडतात. भांडलेच पाहिजे. मोजण्याच्या पद्धतीवर हरकत घेता येते, हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. मात्र तोच ऊस ज्याने तोडला त्याच्या लघवीतले प्रथिन कोणत्या पद्धतीने मोजले, अशी हरकत घेतलेली माझ्या तरी ऐकिवात नाही.

दिवाळी उलटली की आपल्या बीड जिल्ह्यातली धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इकडची गावे निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर आणि पार कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडात शिरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. मजुरी टनावर. आजारी पडून एक दिवस खोपीत राहिले की खाडा, म्हणजे दंड. फडात आडोसा नाही, म्हणून बायका दिवसभर पाणी जपून पितात. रात्री अंग ठणकते, म्हणून गोळी घेतात. ती गोळी बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांच्या जातीची असते.

घाम, कमी पाणी आणि दुखण्याची गोळी, या तिन्ही गोष्टी मूत्रपिंडात एकाच जागी येऊन भिडतात. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याच्या आधाराने स्वतःचा रक्तपुरवठा कसाबसा टिकवून धरते. ही गोळी नेमके तेच द्रव्य बनू देत नाही. रक्त कमी पडल्याचा फटका सर्वांत आधी बसतो तो नलिकांना.

इथे थोडी शरीररचना सांगावीच लागेल. एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, ती गाळणी. आणि तिच्यापुढे लांबलचक नलिका. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि लघवी होते दीड-दोन लिटर. मधले सगळे परत रक्तात आणण्याचे काम नलिकेचे. गाळणी बिघडली की अल्ब्युमिनसारखे मोठे प्रथिन निसटते. त्याचे वजन ६६ हजार डाल्टनच्या आसपास. नलिका बिघडली की लहान प्रथिने निसटतात. ती निरोगी माणसातही गाळली जातातच, पण नलिका त्यांना वाया जाऊ देत नाही. म्हणजे मोजायला बसण्याआधी आपण गाळणीबद्दल विचारतो आहोत की नलिकेबद्दल, हे ठरवावे लागते. किट कोणता घ्यावा हा प्रश्न त्यानंतरचा. मला भेटणारे बहुतेक तरुण डॉक्टर मात्र किटपासूनच सुरुवात करतात, कारण कंपनीचा माणूस त्यांना आधी भेटलेला असतो.

गाळणीची कथा जुनी आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये आपल्या रुग्णांची टिपणे ग्रंथरूपाने छापली. अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली की ती गोठते, आणि अशा रुग्णाचे मूत्रपिंड शवविच्छेदनात खराब निघते, ही जोडणी त्यांनी लावून दिली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गरोदर बाईची लघवी परीक्षानळीत तापवून वरून ॲसेटिक ॲसिडचे थेंब सोडणारी पिढी अजून हयात आहे. त्या थेंबांना अर्थ होता. तापवल्यावर फॉस्फेटमुळेही गढूळपणा येतो, पण तो आम्लात विरघळतो. प्रथिनाचा विरघळत नाही. ही परीक्षा ज्यांनी हाताने केली त्यांना पुढच्या सगळ्या पद्धतींमधली मेख लवकर कळते. आपण मोजतो ते प्रथिन नसते. प्रथिनामुळे घडणारी एखादी गोष्ट आपण मोजतो, आणि ती गोष्ट दुसऱ्या कशामुळेही घडू शकते.

आता पट्टी. तिच्या टोकाच्या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू नावाचा रंग आणि आम्लता साधारण ३ पीएचवर धरून ठेवणारे क्षार असतात. प्रथिन नसेल तर चौकोन पिवळा, अल्ब्युमिन असेल तर हिरवा, फार असेल तर निळसर. एक मिनिटात उत्तर, वीज नको, यंत्र नको. अशा साधनाला नावे ठेवणारा माणूस खेड्यात कधी राहिलेला नसतो. पण तिच्या खोडी माहीत हव्यात. लघवी फार अल्कधर्मी असेल तर त्या क्षारांचे काही चालत नाही आणि चौकोन उगाच हिरवा होतो. बाटलीचे झाकण पावसाळ्यात उघडे राहिले तर पट्टी दमट होते. आणि मुख्य म्हणजे पट्टी दर लिटरमागचे प्रमाण सांगते, दिवसाचा हिशेब सांगत नाही. एप्रिलमध्ये उन्हातून आलेल्या माणसाची लघवी इतकी दाट असते की थोडेसे अल्ब्युमिनही जास्त दिसते. उलट शिबिराला आल्यावर तांब्याभर पाणी पिऊन दिलेल्या लघवीत खरे दुखणे पातळ होऊन जाते.

पट्टीवर एक अधिक चिन्ह येते ते साधारणपणे लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. मधुमेहाच्या रुग्णात गाळणीची पहिली कुरबुर लिटरमागे वीस-तीस मिलिग्रॅमलाच सुरू झालेली असते. ही खालची पायरी दिसावी म्हणून गायज हॉस्पिटलमध्येच हॅरी कीन आणि क्लोव्हेराकिस यांनी १९६३ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेल्या प्रतिपिंडांवर आधारलेली पद्धत प्रसिद्ध केली. गाळणीचा ब्राइटचा धागा १३६ वर्षांनी त्याच रुग्णालयात पुढे ओढला गेला. आज किरणोत्साराची गरज उरलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बऱ्याच प्रयोगशाळांतील नेहमीच्या यंत्रावर इम्युनोटर्बिडिमेट्री चालते. अल्ब्युमिनला नेमके ओळखणारे प्रतिपिंड लघवीत मिसळायचे, त्यांचे जाळे जुळले की द्रव गढूळ होतो, आणि तो किती प्रकाश अडवतो ते यंत्र वाचते. दहा मिनिटांत एका रुग्णाचे उत्तर मिळते. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपासही ते भरवशाचे असते.

या चांगल्या पद्धतीचा एक दोष मला सविस्तर सांगायचा आहे, कारण तो जीवघेणा ठरू शकतो. प्रत्येक प्रतिपिंडाला अल्ब्युमिन धरण्याच्या दोन जागा असतात. दोन जागांवर दोन अल्ब्युमिन, त्या अल्ब्युमिनच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक प्रतिपिंड, अशा साखळ्या गुंतत जाऊन जाळे बनते. आता समजा, लघवीत अल्ब्युमिन प्रचंड आहे. प्रत्येक प्रतिपिंडाच्या दोन्ही जागा लगेच भरतात, पण त्या अल्ब्युमिनची दुसरी बाजू धरायला मोकळा प्रतिपिंडच उरत नाही. साखळी जुळत नाही, जाळे बनत नाही, द्रव स्वच्छ राहतो. यंत्र सांगते, अल्ब्युमिन थोडे आहे. ज्याची गाळणी पुरती फाटली आहे तोच माणूस रिपोर्टवर निरोगी ठरतो. चांगली यंत्रे यासाठी मध्येच आणखी थोडा नमुना किंवा आणखी प्रतिपिंड घालून पडताळा घेतात. तुमचे यंत्र तो घेते की नाही, हे विकत घेण्याआधी विचारायचे असते. आणि त्याहून स्वस्त उपाय असा, की यंत्रात घालण्याआधी त्याच लघवीत पट्टी बुडवा. पट्टी गडद हिरवी आणि यंत्राचा आकडा छोटा, असे दिसले की नमुना पातळ करून पुन्हा लावा. पट्टी जुनी आणि यंत्र नवे म्हणून पट्टी फेकून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आमच्या धंद्यात स्वस्त पद्धत महागड्या पद्धतीची राखणदार असते.

इथपर्यंत झाली गाळणी. मधुमेह आणि रक्तदाब यांच्यासाठी एवढे पुष्कळ आहे, आणि शहरातल्या प्रयोगशाळांचे बहुतेक काम तेवढेच असते. पण मघाशी म्हटले त्याप्रमाणे कोयत्याचा मार बसतो तो नलिकेवर.

हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांच्या पॅसिफिक किनाऱ्याला उसाची मोठी शेती आहे. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की डायलिसिसला येणाऱ्या कित्येक तरुण पुरुषांना मधुमेह नाही, रक्तदाबाचा जुना आजार नाही. ते शेतमजूर होते, विशेषतः ऊसतोडणी करणारे. एल साल्वाडोरमधून २००२ मध्ये याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे २०१३ मध्ये स्वीडन आणि एल साल्वाडोरच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मूत्रपिंडाचे तुकडे तपासून छापले. गाळण्या रक्ताअभावी सुकलेल्या, नलिका आणि त्यांच्या भोवतालचा भाग इजा झालेला, आणि तरीही लघवीत अल्ब्युमिन नाही किंवा थोडेच. म्हणजे पट्टी बुडवली तर बहुतेकदा पिवळीच राहावी. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम पट्ट्यात नारळ-काजूच्या बागांत राबणाऱ्यांमध्ये दिसणारा मूत्रपिंडाचा आजारही असाच, लघवीत फारसे प्रथिन न दाखवता वाढत जाणारा.

मी निकाराग्वाचे चित्र उचलून बीडवर चिकटवणार नाही. तिथे जाळलेला ऊस तोडतात, इथे बहुधा हिरवा. आपला हंगाम थंडीत सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तापतो. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे तिथले रुग्ण बहुतेक पुरुष आहेत. आपल्याकडे कोयता म्हणजेच जोडपे, त्यामुळे निम्मे मजूर म्हणजे बायका आहेत. आपल्याच राज्यात दुसऱ्या कारणांचाही शोध झालेला आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी २०१० मध्ये महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावातले मूत्रपिंडविकार पिण्याच्या पाण्यातील जड धातूंशी जोडून दाखवले होते. बीडच्या तोड मजुराच्या मूत्रपिंडात काय चालले आहे याचे उत्तर बीडच्याच लघवीतून काढावे लागेल. ते काढायचे असेल तर पद्धत निवडताना काय पाहावे, ते आता सांगतो.

नलिकेची खूण म्हणून सगळ्यात जुने नाव बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी कॅडमियमची विषबाधा झाली, तिथल्या इताई-इताई रोगाच्या अभ्यासात याच प्रथिनाने मोठी कामगिरी केली. प्रथिन लहान आहे, नेहमीच्या यंत्रावर मोजता येते, किट मिळतात. तरीही मी ते बीडसाठी घेणार नाही. लघवी आम्ल असली की हे प्रथिन तुटते. बाटलीत तर तुटतेच, मूत्राशयातही तुटत असते. पाणी कमी प्यालेल्या, घामाने सुकलेल्या माणसाची लघवी बहुधा आम्लच असते. म्हणजे ज्याला इजा होण्याचा धोका सर्वाधिक, त्याच्याच लघवीत खूण नाहीशी होणार, आणि तीही आपल्या हाती नमुना येण्याआधी. रुग्णाला आधी सोडा पाजून लघवी अल्कधर्मी करण्याची युक्ती दवाखान्यात चालते. दोनशे माणसांच्या तांड्यावर ती चालवून दाखवावी, मग बोलू.

दुसरे नाव एनगॅल. इजा झाल्यावर दोन-तीन तासांत वाढते, म्हणून हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात त्याचा बोलबाला झाला. पण हे प्रथिन नलिकेप्रमाणेच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतही असते. लघवीच्या मार्गात जंतूंचा संसर्ग असेल तर मूत्रपिंड ठणठणीत असूनही एनगॅल चढते. आता विचार करा. लघवी तासन् तास धरून ठेवणारी, पाणी कमी पिणारी, स्वच्छतेची सोय नसलेली बाई. तिला लघवीचा संसर्ग होण्याची शक्यता पुरुषापेक्षा कितीतरी जास्त. एनगॅल घेतले तर आपण बायकांमध्ये संसर्ग मोजू आणि त्याला मूत्रपिंडाची इजा म्हणू. परदेशात पुरुष मजुरांवर चालून गेलेली खूण इथे अशी फसते. मोजायचीच असेल तर सोबत पांढऱ्या पेशींचा चौकोन असलेली पट्टी आणि मूत्रकल्चरची तयारी हवी.

तिसरे किम-१. बोस्टनमधल्या जोसेफ बॉनव्हेंत्र यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये त्याचे वर्णन केले. निरोगी नलिकेत ते जवळजवळ नसते. नलिकेच्या सुरुवातीच्या भागाला मार बसला की तिथल्या पेशींवर उगवते आणि त्याचा बाहेरचा तुकडा तुटून लघवीत पडतो. संसर्गाने ते एनगॅलइतके गोंधळत नाही. खूण म्हणून मला हीच सर्वांत प्रामाणिक वाटते. अडचण मोजण्यात आहे. निरोगी माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन लिटरमागे काही मिलिग्रॅम असते, तर किम-१ मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे हजारो पटींनी कमी. गढूळपणा वाचणाऱ्या नेहमीच्या पद्धतीला हे दिसत नाही. इथे एलायझा लागते.

एलायझा १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगव्हाल आणि पेर्लमान यांनी आणली. एक प्रतिपिंड प्लेटच्या खळगीत घट्ट बसवलेला, तो प्रथिन पकडतो. दुसरा प्रतिपिंड वरून येऊन बसतो, त्याला जोडलेले एन्झाइम रंग तयार करते. प्रत्येक पायरीनंतर धुवायचे. धुण्यात आळस केला तर रंग खोटा. प्लेटमध्ये खळग्या ९६. प्रमाणद्रावणांच्या आठ पायऱ्या दोनदा लावायच्या म्हणजे १६ गेल्या. दोन नियंत्रण नमुने दोनदा, आणखी ४. उरल्या ७६, आणि प्रत्येक रुग्ण दोनदा लावायचा, म्हणजे एका प्लेटमध्ये ३८ माणसे. हा हिशेब मी मुद्दाम करून दाखवतो आहे. बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या एका बाईसाठी एलायझाची प्लेट उघडता येत नाही. ३८ जण गोळा होईपर्यंत ती पुन्हा फडावर गेलेली असते. पण गावोगावचे नमुने गोठवून ठेवून एकदाच लावायचे असतील तर एलायझासारखी किफायतशीर पद्धत नाही. त्याच पद्धतीने अल्ब्युमिनही मोजता येते, काही जण मोजतातही. ते मला पटत नाही. एलायझाला अल्ब्युमिन फार जास्त होते, म्हणून लघवी शेकडो पट पातळ करावी लागते आणि पातळ करण्याच्या प्रत्येक पायरीला चूक शिरते. सूक्ष्म पद्धत म्हणजे चांगली पद्धत, हा आमच्या विद्यार्थ्यांचा आवडता गैरसमज आहे.

किटच्या डब्यावर बहुधा फक्त संशोधनासाठी असे छापलेले असते. ते वाचून सोडून देऊ नये. त्याचा अर्थ, किट तुमच्या नमुन्यावर चालतो की नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. दोन परीक्षा तरी घ्याव्याच. एक, इथल्याच मजुरांच्या लघवीत ओळखीच्या मापाचे किम-१ घालायचे आणि किती परत मिळते ते पाहायचे. शंभर घातले आणि साठच सापडले तर दाट लघवीतले क्षार किंवा युरिया प्रतिपिंडाला काम करू देत नाहीत, असे समजायचे. दुसरी, एकच नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ करायचा आणि प्रत्येक उत्तराला त्या-त्या पटीने गुणायचे. तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखाच यायला हवा. किटसोबतच्या पुस्तिकेत या परीक्षा दिलेल्या असतात, पण त्या बहुधा दुसऱ्या हवेत, दुसरे पाणी पिणाऱ्या माणसांच्या लघवीवर घेतलेल्या असतात. बीडच्या एप्रिलमधली लघवी त्यांनी पाहिलेली नसते.

चौथे नाव फारसे चमकदार नाही, आणि माझा कौल त्यालाच आहे. अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन. लहान प्रथिन, गाळले जाते आणि निरोगी नलिका ते परत घेते. नलिका बिघडली की लघवीत वाढते. आम्ल लघवीत टिकते, बीटा-२ सारखे तुटत नाही. आणि त्याचे प्रमाण इतके असते की अल्ब्युमिनच्याच यंत्रावर, त्याच गढूळपणाच्या पद्धतीने मोजता येते. वेगळा वाचक नको, वेगळा तंत्रज्ञ नको. किम-१ ताजी जखम दाखवते, तर हे प्रथिन नलिकेचे काम किती मंदावले आहे ते दाखवते. माझ्या हातात पैसे दिले तर मी सगळ्या मजुरांचे अल्ब्युमिन आणि अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन मोजीन, उरलेली लघवी गोठवीन, आणि ज्यांचे अल्फा-१ वाढलेले दिसेल त्यांचे व त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, न वाढलेल्यांचे किम-१ एका प्लेटवर, एकाच दिवशी लावीन.

लघवी दाट की पातळ, हा गोंधळ टाळायला प्रथिनाला त्याच नमुन्यातल्या क्रिएटिनिनने भागतात. अल्ब्युमिनसाठी एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे वाढलेले, ३०० च्या वर म्हणजे फार वाढलेले. सोपे आहे, पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते. अंगात मांस नसलेल्या, अर्धपोटी बाईच्या लघवीत ते कमी असते, आणि छोट्या संख्येने भागले की भागाकार मोठा येतो. तिचे मूत्रपिंड खराब दिसते ते कधी कधी तिच्या उपासमारीमुळे. म्हणून भागाकाराच्या शेजारी मूळ दोन्ही आकडे छापावेत. गाळणीचे काम किती उरले आहे हे कळायला रक्तातले क्रिएटिनिन मोजतात, त्याचीही गंमत आहे. माक्स याफे यांनी १८८६ मध्ये सांगितलेली पिक्रिक ॲसिडची नारिंगी अभिक्रिया आजही कित्येक ठिकाणी वापरतात. स्वस्त आहे, पण ग्लुकोज, कीटोन आणि काही अँटिबायोटिकही तिला क्रिएटिनिनच वाटतात. एन्झाइमची पद्धत महाग आहे, पण बरीच प्रामाणिक. अंगात मांस कमी असेल तर सिस्टॅटिन सी बरे. तेही प्रथिनच, पण रक्तात मोजायचे.

आता वेळ. अंग मोडून काम केल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही अल्ब्युमिन वाढते आणि एका दिवसात उतरते. म्हणून फडावर जाऊन संध्याकाळी नमुने गोळा करणे हे दिसायला मोठे क्रांतिकारक, पण मोजमाप म्हणून कच्चे. शिवाय मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणायला बिघाड तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. सहा महिने घराबाहेर असणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही अट पाळायची कशी? पंचांग पाहिले तर मार्ग निघतो. टोळ्या निघण्याआधी भाद्रपद-आश्विनात एक नमुना. परत आल्यावर चैत्रात, अंगाला दोन दिवस विसावा मिळाल्यानंतर, दुसरा. आणि तिसरा आषाढात, पेरणी उरकल्यावर. चैत्र ते आषाढ असे तीन महिने माणूस आपल्या गावात असतो. चैत्रात वाढलेले आणि आषाढात उतरलेले असेल तर ती हंगामाची ताजी इजा. आषाढातही तसेच असेल तर आजार मुरतो आहे.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा घ्यावा. अल्ब्युमिन फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. साध्या डीप फ्रीझरच्या उणे २० अंशांवर महिनोन् महिने ठेवले तर काही नमुन्यांत ते खाली बसते आणि आकडा घटतो. त्यासाठी उणे ८० हवे, आणि वीज गेल्यावर जनरेटर सुरू होतो की नाही हे पाहणारा माणूसही हवा. महालॅब या सरकारी तपासणी योजनेमुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातला नमुना उचलून दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची व्यवस्था राज्यात रुळली आहे. तिचा उपयोग करता येईल. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर ग्रामीण भागासाठीच उभे केलेले. असे काम त्याच्या दारातच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा बाह्य गुणवत्ता कार्यक्रम देशभरच्या प्रयोगशाळांना तपासणीचे नमुने पाठवतो आणि कोण किती चुकले ते कळवतो. जिथे मोजणार त्या प्रयोगशाळेने अशा कार्यक्रमात नाव घातलेले असावे, आणि चुकलेला महिना फाइलमध्ये दडवू नये.

शेवटी रिपोर्टच्या कागदाबद्दल. मधुमेहाचा शहरी रुग्ण वर्षानुवर्षे एकाच प्रयोगशाळेत जातो. तोड मजुराची लघवी यंदा अंबाजोगाईत, पुढच्या वर्षी सांगलीकडे वाळव्यात, त्यापुढे कर्नाटकात चिक्कोडीत तपासली जाते. वेगवेगळ्या किटचे किम-१ चे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, आणि अल्ब्युमिनच्या आकड्यांतही पद्धतीपरत्वे फरक पडतो. तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर आकड्यासोबत पद्धतीचे नाव, किटचे नाव, नमुना कोणत्या दिवशी व किती वाजता घेतला, आदल्या दिवशी काम केले होते का, आणि मागच्या आठवड्यात दुखण्याच्या किती गोळ्या घेतल्या, हे पाच रकाने हवेत. कागद मराठीत हवा, आणि चिक्कोडीच्या डॉक्टरसाठी पाठीमागे कन्नडमध्येही. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावा, कारण खोपीला दार नसते. गोळ्यांचा रकाना भरताना बाईला एकटीला विचारावे, मुकादमासमोर नाही. हा कागद कसा असावा याचा कच्चा नमुना मी छापून आणला आहे. तो दाराशी टेबलावर ठेवला आहे. आशाताई आणि प्रयोगशाळेतली मुले इथे बसली आहेत. त्यांनी त्यावर पेनाने खाडाखोड करून मला परत द्यावा.